नव्याचं जुनं करणारे साडू

आमच्या साडूंनी उभ्या हयातीत एकही नवा कपडा नवा राहू दिला नाही. भिवंडीत राहून असं वागणं म्हणजे गावाशी उघड वैर धरण्यासारखंच. इथे दिवसरात्र लूम धडधडतात, टेम्पो भरभरून कोरं कापड बाहेर पडतं, अख्ख्या गावाचं पोट त्या कोरेपणावर चालतं. आणि इथेच, कामतघरला एका लूमच्या भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या घरात, हा माणूस सकाळच्या चहापासून कोऱ्या कापडाचा कोरेपणा घालवत बसलेला असायचा. बरं, एकटा बसला असता तरी कुणाची तक्रार नव्हती. पण या कामाला त्यांना माणसं कमी पडत आणि माणसं कमी पडली की ते नातेवाईक जुंपत. मी वयाच्या मानाने फार दमलेला दिसतो असं लोक म्हणतात. त्याचं निम्मं कारण शाळा आणि निम्मं कारण साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. व्यवसाय सिनेमा आणि टीव्ही मालिकांतल्या माणसांना कपडे घालण्याचा. याला इंग्रजीत फार रुबाबदार नाव आहे, पण सासुरवाडीत सगळे म्हणायचे, 'मोठे जावई शूटिंगच्या कपड्यांचं बघतात.' यात ते पडले तेही अपघातानेच. तरुणपणी कुठल्याशा सिनेमाच्या सेटवर धोतरांचा गठ्ठा पोचवायला गेले होते. गर्दीच्या दृश्यातले गावकरी ती कोरी धोतरं नेसून उभे राहिले तर दुकानातल्या पुतळ्यांची जत्रा भरल्यासारखं दिसायला लागलं. दिग्दर्शक ओरडत होता, कॅमेऱ्यामागचे लोक एकमेकांकडे बघत होते. साडूंनी कुणालाही न विचारता सगळी धोतरं सोडवून घेतली, मातीत पसरली आणि सेटवरच्या बैलगाडीवाल्याला म्हणाले, 'जरा यांच्यावरून दोन फेऱ्या मार रे.' धोतरं पोचवायला गेलेला माणूस संध्याकाळी परतला तो नोकरी घेऊनच. त्यांच्या वडिलांना वाटलं होतं, पोरगा आपल्या लूमच्या शेडची भाडी बघेल. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला तो शेवटपर्यंत तसाच होता.

या माणसाने कुणाचा चेहरा कधी नीट पाहिला असेल असं मला वाटत नाही. माझा साखरपुडा झाला तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा सफारी घातला होता. साडू आले, माझ्याशी हात मिळवला आणि नजर खांद्यावर ठेवूनच म्हणाले, 'मास्तर, तुम्ही उजव्या खांद्यावर पिशवी लावता. डावीकडे लावा, नाहीतर सगळे शर्ट एकाच अंगाने जातील.' बस्स. मुलगा कसा आहे, करतो काय, काही नाही. लोकांची ओळखही ते कपड्यांवरून ठेवत. 'ते नाही का, गुडघ्याला चमक आलेली राखाडी पँट,' असं म्हणाले की समजायचं, आमचे हेडमास्तर. हेडमास्तरांनी पँट बदलली त्या वर्षी साडूंनी त्यांना चक्क ओळख दाखवली नाही आणि ती नाराजी निस्तरायला मला जावं लागलं.

नव्या कपड्याबद्दल त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. 'नवा कपडा घातलेला माणूस अजून कुठून आलेला नसतो, मास्तर.' मग तो कुठून तरी आलेला दिसावा म्हणून त्यांचे उद्योग चालत. चहाच्या पाण्यात बुडवणं, दगडावर घासणं, उन्हात वाळवून पुन्हा चुरगळणं, हे सगळं पडवीत चाले. पण त्यावर त्यांचा खरा विश्वास नव्हता. 'हा नुसता मळ झाला. झीज वेगळी,' असं म्हणून ते शेवटचा उपाय काढत, आणि तो उपाय म्हणजे आम्ही. कपडा माणसाच्या अंगावर राहिला पाहिजे, त्यात माणूस बसला, उठला, जेवला, चिडला पाहिजे, तेव्हा कुठे तो कॅमेऱ्यासमोर जायचा. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, कुठल्याशा मालिकेतल्या छळल्या जाणाऱ्या सुनेच्या साड्या नेसून भाकऱ्या थापायची. सासऱ्यांच्या वाट्याला एका दारुड्या बापाचे सदरे आले होते. ते माळकरी माणूस, पण जावयाच्या शब्दाखातर रोज संध्याकाळी तो सदरा घालून ओट्यावर बसत, आणि जाणारे-येणारे हळहळून पुढे जात.

माझ्या नशिबी पोस्टमनचा खाकी शर्ट आला. मी शाळेत घालून जाणार नाही म्हणालो. तर म्हणाले, 'शाळेनंतर घाला. टेमघरच्या तुमच्या घरून कामतघरला चालत या म्हणजे पाठीला घामाचा डाग नैसर्गिक पडेल.' मी चाललो. वाटेत एका म्हातारीने मला अडवून, गावाकडून येणारं पत्र मी कुठे दडवलं म्हणून फैलावर घेतलं. साडूंच्या शेजारचे लूमवाले चाचा दारातच उभे होते. ते म्हणाले, 'क्या मास्टरजी, डाकखाने में लग गए? अच्छा किया, सरकारी तो वो भी है.' दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावून, शाळेव्यतिरिक्त दुसरी नोकरी धरण्याबद्दलचे नियम वाचून दाखवले. एवढं सोसून पुढे ती मालिका लागली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. पोस्टमन आला, पाकीट दिलं, गेला. फक्त पाठ दिसली. 'बघा, बघा!' साडू ओरडले, 'मास्तरांचा घाम!' सासुरवाडीत माझी इतकी वाहवा पुन्हा कधी झाली नाही.

त्यांच्या धाकट्या भावाच्या हळदीची गोष्ट तर आमच्या आगरी समाजात अजून रागाने सांगितली जाते. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, हे वेगळं सांगायला नको. त्या वर्षी साडूंनी घरातल्या आणि भावकीतल्या झाडून साऱ्या पुरुषांना पांढरे शुभ्र कुर्ते वाटले. सगळे गहिवरले. माणूस सिनेमात गेला पण मानपान विसरला नाही, असं भावकीतल्या काकांनी मांडवात जाहीर केलं. रात्रभर बेंजो वाजला, हळद उधळली, कुर्ते चिंब पिवळे झाले. आणि सकाळी, लोक डोळे चोळत उठतात तोवर साडू गोणपाट घेऊन दारोदार हजर. 'कुर्ते द्या. धुऊ नका, फक्त काढून द्या.' मालिकेत हळदीचा प्रसंग होता म्हणे, आणि खऱ्या हळदीसारखी हळद रंगाने लागत नाही. काकांनी कुर्ता दिला नाही. 'मान दिल्यालं परत घेतोस रं? न्हाय मिलणार!' असं म्हणून ते तसाच पिवळा कुर्ता घालून तीन गावं हिंडून आले. साडूंना काकांचा राग नव्हता. त्यांना एकच हळहळ होती, की काकांच्या पोटावरची हळद फार सुंदर उमटली होती.

अशा या माणसाला एकदा मोठं काम मिळालं. एका मालिकेचे सगळेच्या सगळे कपडे त्यांच्याकडे आले. गरीब विधवा आई आणि तिची मुलं, अशी गोष्ट होती. आईला नऊवारी लुगडं हवं. साडूंनी निळं, लाल काठाचं लुगडं निवडलं आणि त्याच्याच जोडीचं दुसरं घेतलं, कारण शूटिंगला एकासारखं एक जादा लागतंच. एक बाई नेसणार, म्हणजे ते काम करणारी नटी, आणि दुसरं साडूंची आय. आठवडाभराने अदलाबदल. आयचं लुगडं बसमधून घोडबंदरला शूटिंगला जायचं, बाईंचं कामतघरला यायचं. दोन्ही सारखी झिजली पाहिजेत, आणि गार हवेच्या सेटवर लुगडं झिजतं कुठे? झिजायचं ते आयकडेच.

आयने हे काम असं काही अंगावर घेतलं की विचारू नका. लुगडं परत आलं की पहिल्यांदा वास घ्यायची आणि नाक मुरडायची. 'काय पावडर फासते गो ती! मना शिंका येतान.' तिकडून बाईंचा निरोप यायचा, की लुगड्याला चुलीच्या धुराचा आणि सुकटीचा वास असतो, तो राहू द्या, त्यांना बरं वाटतं. आयला हे सांगितलं तर ती खूश होऊन त्या दिवशी मुद्दाम बोंबील भाजायची. पाण्याचा हंडा तिने जन्मभर डाव्या कमरेवर घेतला होता, त्यामुळे लुगडं तिथे विरत चाललं होतं. तो विरलेला भाग कमरेवर यावा म्हणून बाई नेसताना खटपट करत आणि त्या नादात त्यांचं चालणंही डावीकडे कलायला लागलं. मालिका बघताना आम्हाला हसू यायचं, कारण टीव्हीतली आई हुबेहूब आयसारखी चालायची. एकदा चुलीची ठिणगी उडून पदराला भोक पडलं. आयने काळ्या दोऱ्याने ते शिवून टाकलं. साडू हतबल झाले. दुसऱ्या लुगड्यालाही तसंच भोक पाडणं आलं, तेही आयनेच चुलीतल्या काडीने पाडलं आणि त्याच काळ्या दोऱ्याने शिवलं. पण मालिकेत हे भोक आलं कुठून? शेवटी लेखकाला चूल पेटवण्याचा प्रसंग वाढवावा लागला. 'ह्या मालिकंचं पुढचं कोन लिवतंय? मी!' असं आय वाडीवस्तीला सांगत सुटली.

मालिका जोरात असतानाच आय गेली. तापाचं निमित्त झालं, अंथरुणाला खिळली, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी संपलं. मी पोचलो तेव्हा बायकांनी तिला आंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. बाजारातून तासाभरापूर्वी आणलेलं, खळीने ताठ झालेलं, घड्यांच्या रेघा जशाच्या तशा. लोक जमले होते, भटजी घाई करत होते. आणि साडू आयच्या पायाशी बसून त्या नव्या लुगड्याचा काठ दोन्ही तळव्यांत धरून चोळत होते. हातभर काठ चोळून झाला की पुढचा. खळ मोडून कापड जरा मऊ पडलं की ते खाली सोडायचे आणि पुन्हा पुढचं हातात घ्यायचे. रडत नव्हते. कुणीतरी म्हणालं, 'चला आता, उशीर होतो.' ते म्हणाले, 'थांबा, टोचेल तिला.' मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर येऊन लूमच्या भिंतीला टेकलो. चाचांनी त्या दिवशी लूम बंद ठेवले होते.

या सगळ्यात आयच्या अंगावरचं जुनं लुगडं, त्या जोडीतलंच, शेवटच्या दिवसांत तिने नेसलेलं, रिवाजाप्रमाणे अंथरुणा-पांघरुणाबरोबर बाहेर टाकलं गेलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही. साडूंच्या लक्षात आलं तेव्हा स्मशानातून सगळे परतले होते. म्हणजे आता उरलं ते एकच, बाईंच्या अंगावर होतं ते.

त्यानंतर आमच्या घरांमध्ये ती मालिका देवपूजेसारखी पाहिली जाऊ लागली. गोष्ट काय चाललीय याकडे कुणाचं लक्ष नसे. आयचं लुगडं दिसलं की ताई डोळ्यांना पदर लावायची, आणि ते विरलेल्या कमरेवरून कलत कलत चुलीकडे गेलं की सासूबाई म्हणायच्या, 'अगदी तीच गं.' भारनियमनाचे दिवस होते. ऐन मालिकेच्या वेळी वीज जायची, लूम थांबायचे, आणि एरवी त्या धडधडीला शिव्या देणारे आम्ही त्या शांततेत कासावीस होऊन चाचांकडे पळायचो, कारण जनरेटर त्यांच्याकडे. चाचा आधीच खुर्च्या मांडून ठेवत. 'आइए, अम्मा आ गई,' म्हणत. साडू मात्र बसत नसत. दारात उभे राहून पाहत आणि लुगडं दिसेनासं झालं की निघून जात.

मग वाहिनीच्या मनात आलं की गरिबी फार झाली. तो काळच तसा आला होता. मालिकांतल्या बायका झोपतानासुद्धा शालू नेसायला लागल्या होत्या. ठरलं की गोष्ट काही वर्षं पुढे न्यायची, मुलगा बिल्डर होणार आणि आई जरीच्या साड्यांत दिवाणखान्यात बसणार. साडू बैठकीत भांडले. त्यांनी जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. 'मुलगा श्रीमंत झाला म्हणून आई काय दुसरी होते का? तिला तेच नेसू द्या!' समोरची मंडळी चांगली होती, त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि पुढच्या आठवड्याला जरीच्या साड्या आल्या. साडू घरी आले ते नुसते बसून राहिले. मला म्हणाले, 'मास्तर, मी दमलो.' आजवर दमणं हे माझं काम होतं, त्यांचं नव्हतं.

बाईंनी मात्र कंपनीला सांगितलं होतं, हे लुगडं यांच्या आईचं आहे, ते यांना द्या. कंपनी तयार झाली. फक्त सगळे कपडे आधी काल्हेरच्या गोदामात जातात, तिथून घ्या म्हणाले. आम्ही दोघं रिक्षाने गेलो. ट्रकांच्या रांगेत धूळ खात बसलो असताना साडू किती दिवसांनी बोलत होते. 'वास असेल अजून. बाई धुवू देत नव्हत्या.' गोदामातला माणूस वयस्कर आणि फार अगत्याचा होता. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली घडी दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तशी आणून दिली. म्हणाला, 'तुमच्या आईचं आहे असं कळलं, म्हणून खास लाँड्रीत दिलं. दोनदा धुतलंय, खळ, कडक इस्त्री. पदराला कुणीतरी काळ्या दोऱ्याने घाण शिवलं होतं, तेही उसवून रफू करून घेतलं. आता कळणारसुद्धा नाही.' डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. साडूंनी पिशवीवरून हात फिरवला. त्या माणसाला काय सांगणार? ते म्हणाले, 'छान केलंत. फार छान केलंत.' आणि नमस्कार करून बाहेर आले.

त्यानंतर त्यांनी कामं घेणंच सोडलं. चाचांच्या लूमवर कापड तपासायला बसू लागले, दिवसभर कोरं कापड डोळ्यांसमोरून सरकत असायचं. लुगडं कपाटात होतं, पिशवीसकट. दिवाळीला मी मुद्दाम ताठ कॉलरचा नवाकोरा शर्ट घालून त्यांच्याकडे गेलो, आता तरी बोलतील म्हणून. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, 'छान आहे शर्ट.' या माणसाने आम्हाला इतकी वर्षं पिळून काढलं, आणि आता सोडून दिलं होतं, तर मला अगदी अनाथ झाल्यासारखं वाटत होतं.

पुढे गुढीपाडव्याला आम्ही पुन्हा गेलो. दार ताईने उघडलं. ती ते निळं लुगडं नेसून उभी होती. तिला नऊवारीची सवय नाही, कासोटा कसातरीच खोचला होता. बऱ्याच दिवसांपासून ती ते असंच रोज नेसत होती, कुणाला न विचारता. भांडी घासायची, पाणी भरायची, मासे साफ करायची. साडू पडवीत बसून तिच्याकडे बघत होते. ती हंडा घेऊन आत निघाली तसे ते हळूच म्हणाले, 'अगो, आय डावीकडे घ्यायची. तू उजवीकडे घेतेस. झीज दुसरीकडेच पडतेय.'

ताई थांबली. हंडा तसाच कमरेवर. म्हणाली, 'मग डावीकडे घेऊ का? शिकेन मी.'

भिंतीपलीकडे लूम चालू होते. साडू म्हणाले, 'नको. तुझ्या अंगाने पडू दे.' आणि डोळे पुसून वर पाहिलं, तेव्हा त्यांना मी दिसलो. मी म्हणजे माझा शर्ट, दिवाळीचाच, एकदाच घातलेला. ते उठले, जवळ आले, माझी कॉलर दोन बोटांत धरून वाकवून पाहिली.

'मास्तर,' ते म्हणाले, 'अजून एवढी ताठ? काय करता काय तुम्ही दिवसभर?'

मी तिथेच शर्ट काढून त्यांच्या हातात दिला आणि बनियनवर टेमघरपर्यंत चालत आलो.